धाकटीची जागा

संपादकबाई त्या दुपारी लेखिकेच्या घरी गेल्या त्या फक्त एका सहीसाठी. पाच मिनिटांचं काम. पोरगी एकोणीस वर्षांची, पहिलीच कादंबरी, तीही चेटकिणींची, आणि प्रकाशनाच्या मालकांना खात्री होती की शाळा-कॉलेजातली मुलं या पुस्तकावर उड्या टाकतील. मालकांना काय वाटतं याच्याशी बाईंना फारसं देणंघेणं नव्हतं. सोळा पानांचा एक फर्मा, असे बारा फर्मे. त्यात पुस्तक बसवायचं, एक पान वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

आता बसवायचं म्हणजे काहीतरी जायलाच हवं. बाईंनी एक आख्खं पात्र काढलं. कादंबरीत जंगलाकाठच्या घरात सात चेटकिणी राहतात. एक वारा बांधून ठेवते, एक आजार उतरवते, सहाजणींना असं काही ना काही काम आहे. सातवी धाकटी. तिला नाव नाही, विद्या नाही, ती नुसती असते. जेवायला बसते, दारात उभी राहते, मधूनच काहीतरी बोलते. "हिचं काम काय?" असं बाईंनी समासात लिहिलं आणि खाली स्वतःच उत्तर दिलं, "काही नाही."

पात्र काढायची त्यांची एक रीत होती. नुसत्या रेघा मारून पात्र जात नाही, त्याचे धागे लोंबत राहतात. म्हणून त्या आधी त्याची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवायच्या आणि मग एकेक वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालायच्या. चांगलं वाक्य वाया कशाला घालवायचं? धाकटीची एकेचाळीस वाक्यं निघाली. चाळीस वाटून झाली. एक मात्र काही केल्या कुणाच्या तोंडी बसेना. "जरा सरका ना, मला जागा करा." तेवढं त्यांनी सोडून दिलं.

लेखिकेचं घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. खिडक्या बंद, खोलीला खूप दिवस न उघडलेल्या कपाटाचा वास. आई कामावर गेलेली. पोरीने चहा केला आणि काटछाटीला मंजुरी म्हणून सही करायचा कागद हातात घेतला.

"मॅडम, धाकटीला काढलंच पाहिजे का?"

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या पुस्तकात सगळ्यांना सगळंच ठेवावंसं वाटतं. ती नसली तर गोष्टीचं काही अडतं का, सांग."

"गोष्टीचं नाही अडत..."

"मग झालं तर."

पोरीने आवाज खाली आणला. "मी तिला मनाने रचलेली नाही. ती इथे होती. मी आठ वर्षांची असल्यापासून. घरात आई आणि मी दोघीच, तरी मागून कुणीतरी म्हणायचं, जरा सरका ना... आधी मी सरकायचे. मग माझी जागाच जायला लागली. आई दोघींचं वाढायची, आणि मी उभीच राहायचे. म्हणून मी तिला पुस्तकात नेऊन बसवली. जागा मिळाली की ती गप्प असते."

बाईंनी चहाचा घोट घेतला. नव्या लेखकांना असलं काही बोलायची हौस असते, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं.

"तिथून काढलीत तर ती कुठे जाईल?" पोरीने विचारलं.

"कुठे जाणार? माझ्या केराच्या टोपलीत."

पोरगी हसली नाही. "जिने काढली तिच्याकडे जाईल..." ती म्हणाली. पण पहिलं पुस्तक होतं बिचारीचं. तिने सही केली.

बाईंचं घर तीन माणसांचं. त्या, दातांचे डॉक्टर असलेला नवरा, आणि चौदा वर्षांची मुलगी. मुलीचा पाय घरात एके जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी टेबलावर चार ताटल्या मांडल्या.

"चौथी कुणाची?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी ताटल्यांकडे पाहिलं. "अरेच्चा! दिवसभर लोकांचे दात मोजून माझं डोकं फिरलंय बहुतेक." सगळे हसले. भिंगरी सगळ्यांत जास्त हसली. चौथी ताटली परत मांडणीवर गेली.

दोन दिवसांनी बाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. अगदी पाठीशी आवाज आला, "जरा सरका ना." त्या सरकल्या. माणूस सरकतोच, त्यात विचार कसला करायचा? चाकू खाली ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की भिंगरी पोहायला गेलेली आहे आणि डॉक्टर दवाखान्यात. ओट्याजवळ बंद कपाटाचा वास होता. बाईंनी खिडकी उघडली आणि स्वतःलाच बजावलं की पुस्तक डोक्यात भिनलंय, दुसरं काही नाही.

मग भिंगरीच्या शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी सहा दिवस गैरहजर आहे. भिंगरी रडकुंडीला आली. "मी पहिल्या बाकावर बसते, आई! शिक्षिका माझं नावच घेत नाहीत. हात वर केला तरी बघत नाहीत." डॉक्टर शाळेत जाऊन तावातावाने भांडून आले. शाळेने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रविवारी दुपारी जेवताना भिंगरी टेबलापाशी उभीच होती. खुर्च्या तीन होत्या. दोन खुर्च्यांवर आईबाप.

"बस की गं. काय तमाशा लावलायस?" बाई म्हणाल्या.

"कुठे बसू?" भिंगरीने तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "तिथे कुणीतरी..."

डॉक्टर शांतपणे जेवत होते. त्यांनी भाजीचं भांडं उचललं आणि रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटलीत वाढलं. भिंगरी स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानेच पाव खाऊन आली.

इथपर्यंत बाईंनी दम धरला होता. खरं घाबरवलं ते सोमवारने. त्या दिवशी त्या भिंगरीला घेऊन बूट घ्यायला गेल्या. घरी आल्या, पर्स टांगली, चहाला पाणी ठेवलं, पेपर उघडला. तासाभराने बेल वाजली. दारात भिंगरी, धुळीने भरलेली, हातात बुटांचा खोका.

"तू मला दुकानात विसरलीस," ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. स्वतःच्या पोटची पोर, आणि तासभर त्यांना तिची आठवणसुद्धा आली नव्हती. डॉक्टरांचं सोडा, शाळेचं सोडा. आता आपणच हिला हरवणार, हे बाईंना त्या दारात उभं राहून कळलं. त्यांनी पोरीला पोटाशी घट्ट धरलं. धरताना ती हलकी लागली, हाताला कळेल न कळेल इतकी.

दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला चढणार होतं, चार वाजता. दोनला बाईंनी कार्यालयातून लेखिकेला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. हसू येण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"अजून छापलं नाही ना?" पोरीने विचारलं. "मग तिची जागा तिला परत द्या. एक वाक्य असलं तरी चालेल. पण मॅडम, आधी बघा..."

"काय बघू?"

"घरात बसलंय कोण ते. पुस्तकात जागा मोकळी झाली की जिला बसायला कुठेच जागा नाही ती तिथे जाते. धाकटीच जाईल असं नाही. घाई करू नका..."

बाई छापखान्यात पोचल्या तेव्हा पावणेचार झाले होते. यंत्रावरचा माणूस त्यांना ओळखून होता, पण वैतागला. "बाई, आता काय? छपाईच्या प्लेटा तयार आहेत. पान वाढणार नाही हं."

"पान नको. एक ओळ हवी." तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी थोडी कोरी जागा होती. बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, "जरा सरका ना, मला जागा करा, धाकटी म्हणाली." सुरुवातीच्या पानावर सहाच्या पुन्हा सात चेटकिणी केल्या. तो माणूस कपाळाला हात लावून दोन प्लेटा बदलायला गेला. साडेपाचला त्या चढल्या, आणि त्याने मंजुरीचा कागद बाईंपुढे धरला.

बाईंनी आधी घरी फोन लावला.

"भिंगरी?"

"हो."

"बरी आहेस ना? काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

बसलेय! बाईंच्या जिवात जीव आला. रविवारपासून पोर उभी होती, आणि आता बसली आहे. त्यांनी डोळे पुसले आणि झटकन सही ठोकली. यंत्र सुरू झालं. त्याच्या आवाजात घरच्या फोनवर आणखी कुणी काही बोललं का, ते त्यांना ऐकू आलं नाही.

त्यानंतर सगळं ठीक झालं, असंच म्हणायला हवं. टेबलावर तीन ताटल्या, तीन खुर्च्या, तीन माणसं. शाळेची तक्रार नाही. उलट शिक्षिकेने कळवलं की मुलगी फार शांत झाली आहे. डॉक्टर खूश होते. "मोठी झाली पोरगी," ते म्हणायचे. ती घरात फिरायची नाही. तिसऱ्या खुर्चीवर तासन्तास बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. काही हवं असलं तर हाक न मारता येऊन बाईंच्या पाठीशी उभी राहायची. बाई चटकन सरकायच्या. रात्री त्या तिचं पांघरूण सारखं करायला जात, तेव्हा ती जागी असे. ही माझीच, असं बाई मनात म्हणत, आणि म्हणावं लागतं याचा त्यांना राग येई.

पुस्तक तडाखेबंद खपलं. मालकांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि दुरुस्त्या असल्या तर आठवड्यात द्या म्हणाले. वाचकांची पत्रं बाई घरी आणत आणि मुलगी ती वाचून दाखवी. तिचा आवाज वाचनाला छान होता, सपाट आणि स्वच्छ. एका संध्याकाळी तिने एका बारा वर्षांच्या मुलीचं पत्र उघडलं.

"'मला पुस्तक खूप आवडलं,'" तिने वाचलं. "'धाकटी सगळ्यांत जास्त आवडली. पण एक कळलं नाही. या सगळ्या चेटकिणी तर पोरक्या आहेत. मग शेवटच्या प्रकरणात धाकटी दाराशी उभी राहून तीनदा आई, आई अशी हाक का मारते? ती कुणाला हाक मारते? तिला कुणी आत का घेत नाही?'"

शेवटच्या प्रकरणात त्यांनी धाकटीला कुठेच ठेवलेलं नव्हतं.

मुलीने पत्राची नीट घडी घातली. "छपाईतली चूक आहे, असं कळवू?" ती म्हणाली. "दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकू, म्हणून?"

"थांब जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून पुस्तक घेतलं, आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. शेवटचं प्रकरण काढून ओळीखाली बोट धरून त्यांनी हाका मोजल्या. पत्रात तीन म्हटल्या होत्या. पानावर चार होत्या, आणि चौथीची शाई बोटाला लागली.