मास्तर कानात काय सांगतात

लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद पडावी, याला काय म्हणावं? व्यायामाचा वर्ग चौथ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे सकाळपासून कुरकुरत होते. नव्या कोऱ्या बुटांकडे बघत ती परत फिरणार, तेवढ्यात लिफ्टच्या उघड्या दारातून एक डोकं बाहेर आलं. गालाला ग्रीस, हातात पाना.

"दोन मिनिटं थांबाल का? माझ्यामुळे कुणाचा व्यायाम बुडायला नको."

"बुडाला तर बरंच की," ती म्हणाली.

"मग सावकाश करतो."

तिला हसू आलं... आणि तिथंच घोटाळा झाला. लिफ्ट सुरू झाल्यावर तो चाचणीच्या निमित्तानं तिच्याबरोबर वर आला आणि पुढच्या वर्गाला चक्क स्वतःच हजर झाला. दिवसभर लिफ्टनं वर-खाली करून पोट सुटलंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही, पण दुसरं कारण मनात आणायचीही तिला लाज वाटली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. मोहरीएवढे स्क्रू पिळायचे, लोकांच्या कानामागे काड्या नीट बसवायच्या, असलं नाजूक काम. आणि ऐन पंचविशीत संधिवातानं गाठलेलं. सकाळी बोटं अशी आखडायची की धाकट्या बहिणीनं झाकणं उघडून दिल्याशिवाय चहासुद्धा व्हायचा नाही. "घाम गाळा, भरपूर गाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "फक्त उड्या नकोत आणि मनगटावर भार नको." वर्गात हे एकट्या मास्तरांना माहीत होतं. कुणाला सांगायचं नाही, असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

कारण आधी एकजण होता. आजार कळल्यावर तो फार चांगला वागला. रोज तब्येत विचारायचा, हळू बोलायचा, कधी भांडायचा नाही, रुसायचा नाही. आणि एक दिवस तितक्याच चांगुलपणानं निघून गेला. तेव्हापासून तिनं चांगुलपणाची धास्तीच घेतली होती.

वर्गाची रीत अशी की शिट्टी वाजली की जोड्या करायच्या. एकानं जीव तोडून करायचं, दुसऱ्यानं दम खात, ओरडून त्याला चढवायचं. तिची जोडी आपोआप लिफ्टवाल्याशी जमली.

"चला चष्मेवाल्या बाई, वाका! स्क्रू पडलाय खाली!"

"तुम्ही आधी पोट आत घ्या, मग दिसेल मला तो."

मध्येच मास्तर येत, तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत आणि जात. ती मान डोलवायची.

असं छान चाललेलं असताना एके दिवशी शिट्टी वाजली, आणि लिफ्टवाला तिच्यासमोरून सरळ खारूताईकडे गेला.

खारूताई हे तिनंच ठेवलेलं नाव. ती पोरगी उडी मारायची तेव्हा जमिनीला पत्ता लागत नसे. आठवडाभर तो तिच्याशीच जोडी करत राहिला. वर तिच्या बाटलीचं झाकणही उघडून दिलं. टायर उचलून आपटणाऱ्या बाईला झाकण उघडत नव्हतं म्हणे! इकडे हिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुझी बोटं सुजतात हे माहीत होतं," बहीण घरी म्हणाली, "तोंड कधीपासून सुजायला लागलं?"

"मला काय त्याचं? त्याला हवं त्याच्याबरोबर नाचू दे."

"कुणाला?"



पुढच्या वर्गात ती मुद्दाम खारूताईच्या शेजारी उभी राहिली आणि शिट्टी वाजताच उडी मारली. दुसरी मारली... तिसरीला गुडघ्यातून अशी कळ गेली की ती मटकन खाली बसली. मास्तर धावत आले, कानाशी वाकले. तिनं त्यांना हातानंच बाजूला केलं आणि लंगडत बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मागोमाग लिफ्टवाला आला.

"मास्तर बर्फ आणताहेत."

"तुम्ही जा. तिची जोडी मोडेल."

"तिला कुणाची गरज नाही. दमतच नाही ती, चढवायचं कुणाला?"

"मग गेलात कशाला तिच्याकडे?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "तुमच्या दोघांच्या मध्ये कशाला कडमडायचं?"

"कुणाच्या दोघांच्या?"

"आम्हा सगळ्यांवर मास्तर खेकसतात. तुमच्या मात्र कानात कुजबुज... आणि तुम्ही लाजून मान डोलवता. मी काय आंधळा आहे?"

"नंबर तपासून घ्या," ती म्हणाली. "मास्तरांना नातवंडं आहेत."

"म्हणून काय झालं? दंड बघितलेत का त्यांचे?"

तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आता सांगायलाच हवं होतं.

"काय सांगतात ऐका. तळवे टेकू नकोस, कोपरांवर टेक. उडी नको, पाऊल टाक. मला संधिवात आहे... कायमचा."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता तो चांगुलपणा पसरणार, आवाज हळू होणार, आणि संपलं.

"म्हणजे मास्तरांचं काहीच नाही?" त्यानं विचारलं.

"मी काय सांगितलं ते ऐकलंत का?"

"ऐकलं. संधिवात. काय काय सांभाळायचं ते शिकवा, शिकेन मी. पण आठवडाभर त्या म्हाताऱ्यावर जळून माझं रक्त आटलंय, त्याचं काय?"

आजारी माणसाची लोक कीव करतात, त्याला बसायला जागा देतात. पण आपल्यावरून कुणी जळावं? तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

मास्तर बर्फाची पिशवी घेऊन आले आणि सवयीनं तिच्या कानाशी वाकले.

"मोठ्यानं सांगा मास्तर. ऐकू दे सगळ्यांना."

"आठवडाभर विश्रांती!" मास्तर गरजले. लिफ्टवाल्यानं त्यांच्या हातून पिशवी काढून घेतली आणि ते आत जाईपर्यंत त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग खाली बसून त्यानं ती हलकेच तिच्या गुडघ्यावर धरली. तिनं आपली सुजकी बोटं त्याच्या हातावर ठेवली, न लपवता.

"फार जळलास?" ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"अजून जळतोय."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता पुन्हा तिच्या बाटलीला हात लावून तर बघ."