नव्याण्णवावर दोन रेघा

पौषातली अवस होती. दिवेलागणीला आजीच्या अंगात कणकण आली, म्हणून आईने मला आणि बायनाला किशनआबांना बोलवायला पाठवलं. बायना माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. आबा आमचे कुणी लागत नाहीत, पण सगळं ताडकळस गाव त्यांना आबा म्हणतं. ते डॉक्टरही नाहीत. त्यांच्याजवळ पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेला एक थर्मामीटर आहे आणि तापाच्या गोळ्या असतात. त्यामुळे गावात कुणाचंही अंग तापलं की बाजारतळापलीकडच्या त्यांच्या घरी निरोप जातो.

आबा कंदील घेऊन आमच्या मागोमाग आले. आजीच्या उशाशी बसले. मनगटाला तीन झटके देऊन त्यांनी पारा खाली उतरवला, नळी आजीच्या काखेत ठेवली, आणि वेळ भरल्यावर ती कंदिलापाशी धरून वाचली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आधी आजीच्या कपाळावर तळहात ठेवला. मग मानेवर. मग पोटावर. त्यानंतर म्हणाले, “काही न्हाई. थंडी बाधलीय. सुंठीचा काढा द्या.”

पुन्हा झटके देऊन त्यांनी नळी माझ्या चुलतभावापुढे, चंद्रभानपुढे धरली. “बघ रे, कुठं हाय पारा?”

“पंच्याण्णवाच्या खाली.”

“नीट बघितलं?”

“बघितलं की.”

तेव्हा कुठे नळी नळकांड्यात गेली. झाकणावर त्यांनी दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि नळकांडं आमच्या कोनाड्यात ठेवलं. हे सगळं ते दर वेळी असंच करतात. मी पुष्कळदा पाहिलं होतं, विचारायचं धाडस मात्र कधी झालं नव्हतं.

चंद्रभानला धाडसाची कमी नाही. “आबा, ताप किती ते नळीच सांगती. मग हात कशाला लावता? नळीवर भरवसा न्हाई का तुमचा?”

“नळीवर हाय,” आबा म्हणाले. “वाचणाऱ्यावर न्हाई.”

आईने चहा ठेवला होता. बाहेर मिट्ट काळोख, आणि थंडी अशी की कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आम्ही शेगडीभोवती सरकून बसलो. बायना माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

“माझ्या वळखीतला एक माणूस होता,” आबांनी सुरुवात केली. “व्यंकटी म्हणा त्याला. दवाखान्यात नोकरीला होता. गाव कोणतं ते विचारू नका. आपल्याच जिल्ह्यातलं.”

तीन वर्षांपूर्वीची, निजामाच्या तेराशे त्रेपन्न फसली सनातली गोष्ट. हिवतापाने गावंच्या गावं आडवी झाली होती. लढाईमुळे त्यावरचं औषध, क्विनाइन, मिळत नव्हतं. त्या दवाखान्यात हैदराबादहून एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांच्या मनात एक प्रश्न होता. अर्ध्या मात्रेत ताप उतरतो का? उतरत असेल तर आहे त्याच औषधात दुप्पट माणसं वाचतील. म्हणून त्यांनी पुरुषांच्या वॉर्डात वीस खाटा मांडल्या. भिंतीकडच्या खाटा एक ते दहा, त्यांना अर्धी मात्रा. खिडकीकडच्या दहांना पूर्ण. दिवसरात्र, दर चार तासांनी प्रत्येकाचा ताप बघायचा आणि खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर ठिपका द्यायचा.

“तोंडात नळी घ्यायला कुणी राजी न्हाई,” आबा म्हणाले. “एकाची उष्टी दुसऱ्यानं कशी घ्यावी? म्हणून काखेत. बायकांच्या वॉर्डात आया धुरपताबाई नळी लावायची, पण तिला आकडे येत न्हवते. वाचायचं व्यंकटीनंच. डॉक्टरसाहेब त्याला म्हणायचे, ‘व्यंकटी, मेरा सारा काम तेरी इस काच पर खडा है.’ तेवढं ऐकलं की ह्याची छाती फुगायची.”

“मग फुगून फुटली का?” चंद्रभान हसला.

आबा हसले नाहीत.

“मार्गशीर्षातली वद्य एकादशी. गुरुवार. रात्रीचे दोन.”

जोडीदार आजारी पडल्यामुळे व्यंकटी तीन रात्री सलग जागा होता. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. वॉर्डाच्या टोकाला टेबलाजवळ शेगडी होती, आणि त्याचं सगळं लक्ष त्या शेगडीकडे. एक ते सहा खाटा त्याने पाहिल्या. सातव्या खाटेवर आश्रुबा होता, येलदरीचा. पूर्णेच्या काठी शेती करणारा, गरीब स्वभावाचा माणूस. त्याची बायको कडूबाईही तापाने बायकांच्या वॉर्डात होती. संध्याकाळी आश्रुबाचा ताप शंभरावर उतरला होता.

घोंगडीतून आवाज आला, “भाऊ, माझं बघा की. लय थंडी वाजायलीय.”

व्यंकटी थांबला नाही. चालता चालताच म्हणाला, “बघितलं, बघितलं. झोपा.”

जाता जाता उचललेल्या तक्त्यावर त्याने शेगडीजवळ बसून ठिपका दिला. संध्याकाळी शंभर, म्हणजे आता नव्याण्णवावर दोन रेघा असणार. असा हिशेब.

सकाळी सहाला तो पुन्हा गेला तेव्हा आश्रुबा गार पडला होता.

शेगडीत एक निखारा फुटला.

“एक हात घोंगडीच्या बाहेर होता. काख उघडी. नळीची वाट बघावी तसा…”

आईने पदर तोंडाला लावला. चंद्रभान आता शेगडीत बघत होता.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. ‘बुखार तो उतर रहा था,’ ते म्हणाले. ‘दिल बंद हुआ होगा.’ बाकीच्या नऊ जणांचे ताप उतरले होते, आणि तक्त्यावर दहाव्याचाही उतरलेलाच दिसत होता. अर्धी मात्रा पुरते. उद्यापासून बायकांच्या वॉर्डातही अर्धीच द्यायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. कडूबाईलाही अर्धीच.

“व्यंकटी तिथंच हुबा होता,” आबा म्हणाले. “एक वाक्य बोलायचं होतं. ‘साहेब, मी बघितलं न्हाई.’ एवढंच. पण नोकरी जाईल… घरी म्हातारी आई… जीभ हलली न्हाई.”

शनिवारी सकाळपासून कडूबाईला अर्धी मात्रा सुरू झाली. रविवार, अवस. रात्रीचे दोन. सातव्या खाटेवरची गादी गुंडाळलेली. तक्ता मात्र अजून तिथेच टांगलेला. पहिली खाट, अठ्ठ्याण्णव. दुसरी, सत्त्याण्णव. सहापर्यंत सगळं ठीक. सातवीपाशी त्याने मान फिरवली. खाट करकरली.

रिकामी खाट.

त्याने मागे पाहिलं नाही. आठव्या खाटेवरच्या माणसाला नळी लावली. नव्याण्णवावर दोन रेघा. असेल. झटके दिले. नववी. नव्याण्णवावर दोन रेघा. दहावी. तेच. अकरावी. तेच. झटके देऊन देऊन मनगट दुखायला लागलं. पारा हलेना. कपाटातून दुसरी नळी काढली. कोरी. तिच्यावरही… नव्याण्णवावर दोन रेघा.

तेवढ्यात दारात धुरपताबाई आली. “व्यंकटी, चल बाबा लवकर. कडूबाई बरळायलीय.”

तो बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला. धुरपताबाईने नळी लावली, काढून आणली.

“काय म्हणती नळी?”

“नव्याण्णव.”

“मुडद्या, हात लावून बघ की! पोरगी तव्यावानी भाजायलीय!”

व्यंकटीने आत जाऊन हात लावला.

चटका बसला.

नळी पुन्हा लावली. नव्याण्णवावर दोन रेघा. पुन्हा. तेच. धुरपताबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आकडे येत नव्हते. खरं काय ते सांगणारा तिथे एकटा तोच होता.

आणि मागून, पुरुषांच्या वॉर्डातल्या अंधारातून…

बायनाने माझी बोटं घट्ट धरली.

“एकच शब्द,” आबा हळू म्हणाले.

“बघितलं?”

मी आबांकडे पाहत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, आणि मनगट आपोआप झटके देत होतं. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. त्यांना ते कळत नसावं.

व्यंकटी डॉक्टरांच्या बंगल्यावर पळाला. दार बडवलं. डॉक्टर कंदील घेऊन बाहेर आले, आणि त्याने पायरीवरच सगळं सांगून टाकलं. साहेब, सात नंबरचं मी बघितलं न्हाई. मनानं लिहिलं. डॉक्टर तसेच अनवाणी धावत आले. येता येता म्हणाले, ‘झटक उसे.’ व्यंकटीने झटका दिला, आणि पारा सर्रकन खाली आला. कडूबाईचा ताप निघाला एकशेपाचावर एक रेघ. तिला लगेच पूर्ण मात्रा सुरू केली. पहाटेपर्यंत डॉक्टर तिच्या खाटेपासून हलले नाहीत.

“वाचली का?” आईने विचारलं.

“वाचली. पंधरा दिवसांनी येलदरीला चालत गेली.” आबांनी कप खाली ठेवला. “डॉक्टरांनी सातव्या खाटेचा तक्ता काढला आणि तांबड्या पेन्सिलीनं तो एक ठिपका खोडला. अर्धी मात्रा बंद केली. म्हणाले, आता पहिल्यापासून. व्यंकटीला सकाळी काढून टाकलं. जाताना बोलावलं, ती नळी त्याच्या हातात ठेवली. ‘ये तूही रख,’ म्हणाले. राग न्हवता आवाजात. तेच लय लागलं त्याला.”

चंद्रभानने विचारलं, “मग तो व्यंकटी हाय कुठं आता?”

आबा उठले. कंदील उचलला. “हाय कुठंतरी. लोकांचे ताप बघत फिरायलाय.”

ते गेले. बाजारतळापर्यंत त्यांच्या कंदिलाचा उजेड डुलताना दिसला, मग दिसेनासा झाला. नळकांडं कोनाड्यातच राहिलं. ते मला झोपायला जाताना दिसलं. पण परत करायला त्या अंधारात जायची कुणाची छाती नव्हती.

अंथरुणात शिरल्यावर बायना म्हणाली, “अक्का, थंडी वाजायलीय मला.”

“गोष्ट ऐकलीस ना, म्हणून.”

“न्हाई गं. लय वाजायलीय. बघ की.”

माझा हात गोधडीत नुकता कुठे ऊब धरत होता. तो बाहेर काढणं माझ्या जिवावर आलं.

“बघितलं,” मी म्हणाले. “झोप.”

खरंच सांगते, तेव्हा माझ्या काहीसुद्धा लक्षात आलं नाही.

बायना आता बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. आठव्या दिवशी ती उठून बसली आणि गूळ-पोळी मागू लागली. पण त्या पहाटे मला जाग आली तेव्हा कोंबडाही आरवला नव्हता. आईने चुलीपाशी ठेवलेल्या चिमणीचा थोडा उजेड होता. मी कूस बदलली.

बायनाचा एक हात गोधडीच्या बाहेर होता. काख उघडी.

मी तिच्या कपाळाला हात लावला आणि ओरडले.

बाबा तसेच आबांकडे धावले. आई बायनाला मांडीवर घेऊन बसली. मला काही सुचेना, म्हणून मी कोनाड्यातलं नळकांडं काढलं. पत्रा गार होता, बोटांना चिकटत होता. झाकणावरचा दोरा आबांनी बांधला होता तसाच. गाठ दातांनी सोडावी लागली. नळी बाहेर काढून मी चिमणीपाशी धरली.

मग झटके दिले. तीन. पुन्हा तीन.

आबा आले ते थेट बायनाकडे गेले. कपाळ, मान, पोट. गोळी फोडून पाण्यात घोळली, तिला पाजली. नंतर माझ्याकडे वळले. मी नळी हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होते.

“तिला लावलीस का?”

मी मान हलवली. नाही.

आबांनी माझ्या हातातली नळी उजेडाकडे वळवली. पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही असं विचारलं, “काय म्हणाली होतीस तिला?”

मला रडू आलं. “मी बघितलं नव्हतं, आबा.”

त्यांनी माझी मूठ नळीवर मिटवली. “तूच ठेव आता,” म्हणाले.

ती नळी अजून माझ्याजवळ आहे. त्यानंतर ती नीट चालते. झटका दिला की पारा उतरतो, आणि ताप असेल तेवढाच दाखवते. चंद्रभान म्हणतो, रात्री अंधारात आबांनी पारा नीट उतरवलाच नसेल. पण त्यानेच स्वतःच्या डोळ्यांनी पंच्याण्णवाच्या खाली पाहिला होता. आणि रात्रभर ते बंद नळकांडं त्या गार कोनाड्यात होतं. दोऱ्याची गाठ मी माझ्या दातांनी सोडली.

आत पारा चढलेला होता. नव्याण्णवावर दोन रेघा.