श्रावणी सोमवारची भाकरी

"आवाज आला म्हंजे मी बरी हाय, असं धरू नको. खाली येऊन बघत जाय, पोरी."

भागीबाईंचं हे बोलणं मोहिनीने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

मोहिनी माझी मावसबहीण. तिच्या तोंडून ऐकलं तसंच सांगते, पदरचं काही नाही. आणि हे रात्री घडलेलं नाही. मागच्या श्रावणातला सोमवार, भर दुपार, नाशिकला म्हसरूळकडचं त्यांचं घर.

वर मोहिनी, तिचा नवरा मयूर आणि रांगती आरोही. खाली सासूबाई, एकट्या. पेठकडच्या भागीबाई. गुडघ्यांमुळे जिना चढणं सुटलेलं, पण नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी रोज स्वतः परातीत थापायच्या. वर स्पष्ट ऐकू यायचं. तो आवाज आला की मोहिनी निर्धास्त. मयूरने टोकलं तर म्हणायची, कानांनी ऐकलंय, आणखी कसला पुरावा हवा तुला?

त्या दिवशी आरोही तापाने फणफणली होती. मयूर लवकरच कंपनीत गेलेला. पोर मांडीवरून खाली ठेवली की रडायची. सकाळपासून खाली जाणं झालंच नाही.

दुपारी मनाला चुटपुट लागली, आणि एवढ्यात...

थप... थप... थप.

पाठोपाठ भाजल्या नागलीचा वास. मोहिनीचा जीव भांड्यात पडला.

आरोहीचं रडं थांबलं. ती मांडीवरून उतरली, फरशीला कान लावून पडून राहिली...

आणि हसली.

आवाज थांबेचना. एवढ्या भाकरी कोणासाठी, असं मोहिनीच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मयूरचा फोन. आईला बघितलंस का, त्याने विचारलं. अरे, मजेत भाकरी थापतायत, ती म्हणाली.

त्याचा आवाज खाली आला.

"मोहिनी... आज सोमवार आहे. उपास सुटेपर्यंत आई पिठाला हात लावत नाही."

तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच? लग्न झाल्यापासूनचे सगळे श्रावणी सोमवार तिने बघितले होते. क्षणभर डोकं चालवलं असतं तरी...

पोरीला कडेवर घेऊन ती जिना उतरली. थप... थप... चालूच होतं.

शेवटच्या पायरीवर पाय पडला...

आणि थांबलं.

दार नुसतं लोटलेलं. तवा खिळ्याला टांगलेला. परात कोरडी. नागलीच्या डब्याचं झाकण घट्ट. शेगडी गार.

भागीबाई खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. हात लावला तर... शेगडीहून गार.

पहाटेच गेल्या असाव्यात, डॉक्टर म्हणाले.

मयूर म्हणतो, जागरण, काळजी, भास. मोहिनीच्या बुद्धीला ते पटतं. कानांना पटत नाही. "मग आरोही कशाला हसली रे?" एवढंच ती विचारते. तो उठून गॅलरीत जातो.

तिला खाणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. मी बरी आहे, तू पोर सांभाळ, असं त्या सांगत होत्या... की, ये गं एकदा, म्हणून इतका वेळ हाका मारत होत्या?

परवा सोमवारी मी तिच्याकडे गेले होते. खालच्या खोलीला आता कुलूप असतं. आरोही चालायला लागलीये. खेळता खेळता ती थबकली, खाली बसली, आणि फरशीला कान लावला...

मला काहीच ऐकू आलं नाही. मोहिनीकडे बघायचा धीर झाला नाही.

तुमच्याही घरात कोणी असेल, ज्याचा खोकला, टीव्ही, भांड्यांचा आवाज ऐकून तुम्ही म्हणता, ठीक आहे सगळं. हे वाचून झालं की उठा. त्यांच्या खोलीत जा.

हात हातात घेऊन बघा.