चौथ्या खिडकीची फट

शुद्धलेखन चुकलं असेल तर पोटात घाला. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण घडलं तसंच लिहितोय.

थंडीत मी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरातल्या फटी बुजवतो. पिठाची खळ करायची, तीत जुन्या कापडाच्या पट्ट्या भिजवायच्या आणि खिडकीच्या चौकटीवर आतून चिकटवायच्या. नर्सबाई यादी देतात. त्या दिवशी यादीत टेकडीखालच्या आजी होत्या.

"मागच्या हिवाळ्यात छाती भरून मरता मरता वाचल्यात," बाई म्हणाल्या. "या वेळी गारठा लागला तर काही खरं नाही. एकही फट ठेवू नकोस."

दुपारी गेलो. तीन खिडक्या झाल्या. चौथीपाशी आजींनी माझा हात धरला.

"ही राहू दे. संध्याकाळी हे येतात इथून. घटकाभर बसतात, जातात."

त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी लाकडं आणायला गेले आणि वाटेतच गारठून गेले, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"असा बघू नकोस, डोकं ठिकाणावर आहे माझं," आजी हसल्या. "हेही तुझ्यासारखेच लाजाळू. परकं कुणी असलं की गप्प."

त्या चहा आणायला मागच्या खोलीत गेल्या. उन्हं कलली होती. मला नर्सबाईंचे शब्द आठवले. पटकन चौथी पट्टीही लावून टाकली.

आजी चहाचा कप घेऊन आल्या आणि पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या.

"पोरा... लावण्याआधी बघितलंस का, हे आत आहेत की बाहेर?"

कोपऱ्यातली धुराड्याची चूल धडधडत होती, तरी खोली गार पडत चालली. कपातली वाफ विरली. आजींना खोकला लागला तो थांबेचना. ओठ निळे पडले. बाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं. पण ती पट्टी फटीत खोल दबायची... सैल पडायची... पुन्हा दबायची. आतून कुणीतरी तिच्यावर तोंड टेकवून श्वास सोडत असल्यासारखी.

"उघड..." आजी कशाबशा म्हणाल्या. "यांचा जीव घुसमटतोय."

ओली खळ दगड झाली होती. सुरीने खरवडून मी पट्टी ओढून काढली. माझ्या मनगटावरून काहीतरी सरकत गेलं, ओल्या बाहीसारखं. मग खोलीत ऊब आली, आजींचा खोकला थांबला. पण फटीतून बोचरा गारठा थेट त्यांच्या अंगावर येऊ लागला. फट ठेवली तर आजी जातील, आणि बुजवली तरी जातील.

मी त्यांची खाट चुलीपाशी सरकवली, दोन रजया घातल्या आणि घरी पळालो. आईला यातलं निम्मंच सांगितलं.

"हिवाळाभर इकडेच आण त्यांना," आई म्हणाली. "एका माणसाचं काय ओझं होतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातगाडी घेऊन गेलो. काहीच कळवलं नव्हतं, तरी आजी बोचकं बांधून तयार होत्या. त्या गाडीत अगदी कडेला बसल्या आणि निम्मी रजई शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरली.

तिथे ती सपाट पडली नाही.

मी गाडी ओढायला लागलो.