दुर्बिणीवरचा लाल ठिपका

देवरामकाका आणि आशाकाकू यांच्या संसारात भांडणाला खरं कारण एकच होतं, ते म्हणजे दुर्बीण. काकूंचा उजवा डोळा अधू. त्या उजव्या भिंगाची कडी आपल्या नंबरावर फिरवून ठेवायच्या आणि मग काकांना सगळं रान धुरकट दिसायचं. शेवटी काकूंनी आपल्या जागेवर नेलपॉलिशचा लाल ठिपकाच दिला. "आमचं ठरलं, तुमचं तुम्ही शोधा," म्हणाल्या.

रानात मात्र दोघं शब्दही बोलायची नाहीत. पक्षी ज्या बाजूला असेल त्या खांद्यावर काकू मागून बोट दाबायच्या. काकांचं बघून झालं की ते मागे न वळता दुर्बीण खांद्यावरून मागे धरायचे, काकू ती अलगद घ्यायच्या आणि हात हलका व्हायचा.

एकोणनव्वद साली सुरगाण्याच्या सागवनात काकूंनी रानपिंगळा, ते दुर्मिळ छोटं घुबड, पाहिला. नेमके काका तेव्हा ओढ्यावर पाणी भरायला गेलेले. नाशिकच्या पक्षिमित्रांचा नियम कडक होता: दुर्मिळ पक्षी दोघांनी एकदम पाहिला तरच खरा. त्यात रानपिंगळा नामशेष झाला असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. काकूंच्या नोंदीपुढे 'शंकास्पद' असा शेरा पडला. पुढे तो पक्षी दुसरीकडे सापडला, तरी शेरा तसाच राहिला आणि काकू ती सल घेऊनच गेल्या. तो एक शब्द खोडला जावा, एवढंच काकांना आता हवं होतं.

म्हणून दोन हजार एकच्या हिवाळ्यात सुरगाण्याच्या सागवनाजवळ राहणाऱ्या, ओळखीच्या कुसाबाईचा 'पाखरू परत आलंय' असा निरोप आला, तेव्हा काका लगेच निघाले. दुसरा साक्षीदार म्हणून पक्षिमित्रांची नोंदवही सांभाळणारा संतोष सोबत येणार होता, पण ऐन वेळी त्याला ताप भरला. काका एकटेच जीपने गेले.

"बाई नाय आल्या?" अंगणात नागली पाखडत कुसाबाईने विचारलं.

"ती गेली गं. दोन वर्षं झाली."

कुसाबाईचं सूप थांबलं. मग ती म्हणाली, "पाखरू त्याच झाडावं बसतं. बाईंच्या सागावं. उजेड हाय तवर जाऊन या."

उन्हं कलली होती. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ओढा ओलांडल्यावर काकांना जाणवलं, आपलं पाऊल पडलं की मागे आणखी एक पडतंय. ते थांबले की तेही थांबत होतं. गुरं असतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण मागून ओडोमॉसचा वास येत होता, आणि गुरांच्या अंगाला तो येत नाही. काकू रानात जाताना हातापायांना तेच चोपडायच्या...

ते खडकापाशी उभे राहिले. रान एकदम गप्प झालं. डाव्या खांद्यावर बोट दाबलं गेलं. सवयीने ते डावीकडे वळले, दुर्बीण लावली. निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा बसला होता. डोकं कोरं तपकिरी, एकही ठिपका नाही, पोट पांढरं. साधा पिंगळा नव्हे, तोच. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी न वळता दुर्बीण खांद्यावरून मागे धरली.

हात हलका झाला.

मग त्यांना आठवलं, आपण एकटे आलोय. मागे कुणीतरी अगदी हळू श्वास घेत होतं, पक्षी उडू नये म्हणून घ्यावा तसा. वळायचं धैर्य होईना, आणि खरं सांगायचं तर वळून ते संपवावंसंही वाटेना.

"दिसला...?" त्यांनी पुटपुटून विचारलं.

पक्षी उडाला. ते वळले. दुर्बीण खडकावर होती, भिंगांना टोपणं लावलेली. टोपणं लावायची शिस्त काकांना कधीच नव्हती.

रात्री त्यांनी संतोषला फोन केला.

"काका, म्हणजे पुन्हा एकट्यानेच पाहिला," तो हळहळला.

"दोघांनी पाहिला."

"दुसरं कोण होतं?"

काकांनी कडीवरच्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "रविवारी मी येतो," संतोष म्हणाला.

रविवारी पिंगळा दोघांची वाट पाहत असल्यासारखा त्याच फांदीवर बसला होता. संतोषने आपल्या दुर्बिणीतून पोटभर पाहिला आणि परतल्यावर काकूंच्या नोंदीपुढचा तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

काकांना वाटलं, आता ती सुटली. आनंद झाला आणि घर फार रिकामं वाटलं. त्यांनी दुर्बीण आपल्या नंबरावर आणून खुंटीला अडकवली.

सकाळी अंगणातल्या जास्वंदीवर बुलबुल बोलला. काकांनी दुर्बीण काढून डोळ्याला लावली. सगळं धुरकट. कडी लाल ठिपक्यावर होती.

त्यांनी ती फिरवली नाही. "आधी तू बघ," म्हणत दुर्बीण खांद्यावरून मागे धरली.

हात हलका झाला.