असाल तेथून निघून या

उर्वी, मी एकोणतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली. दाखले, हजेरीपट, जुन्या फायली. कागद सापडत नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कागद असतोच, शोधणारा आळशी असतो. त्या बुधवारी मी ठाण्याला नौपाड्यातल्या वाचनालयात गेले ती असाच एक जुना कागद शोधायला. दुसरं काही मनात नव्हतं.

काम आईचं होतं. तू समोरच्याच दारात राहतेस, तिला तू पाहिलं आहेस. ब्याऐंशी वर्षांची, वर्षभर अंथरुणावर, पायांत उभं राहण्याइतकाही जोर नाही. तरी रोज सकाळी तिचं सगळं करणारी रतनबाई आरसा धरायची आणि आई आपल्या हाताने कुंकू लावायची. दिवाळीनंतर एक दिवस तिचं बोट कपाळाशी आलं आणि थांबलं.

"नीले, मी सवाष्ण जाणार की कशी?" ती म्हणाली. "एवढं मला शोधून दे. माझी पाठवणी करताना बायकांनी हिरवं नेसवायचं की नाही, ते कोणाला विचारायचं?"

बाबा एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याण्णवला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेले ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, आजार नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. चार दिवसांनी मीच पेपरात जाहिरात दिली. काउंटरवरच्या माणसाने छापील नमुना पुढे केला आणि मी तो जसाच्या तसा उतरवला. बाबांचा फोटो, खाली नाव, आणि मजकूर : 'असाल तेथून निघून या. कलावती आजारी आहे. कोणी काही विचारणार नाही.'

आई आजारी नव्हती. पण असंच छापतात.

आठवड्याने तीच जाहिरात पुन्हा दिली. मग दरवर्षी एकोणीस नोव्हेंबरला. आईने एकदाही चुकू दिलं नाही. जाहिरात आली की मी कात्रीने कापून वहीत चिकटवायचे आणि उरलेला पेपर रद्दीत जायचा. बत्तीस वर्षांची वही आहे ती, माझ्या फायलींसारखीच नेटकी.

वाचनालयाने जुने पेपर संगणकावर आणलेत हे मला शाळेतल्याच एका बाईंनी सांगितलं होतं. मासिकं, संशोधनाचे लेख, सगळं. सभासद क्रमांक टाकला की उघडतं. सोनल नावाची मुलगी तिथे बसते, तिने मला वरच्या मजल्यावर कोपऱ्यातला संगणक लावून दिला.

"घरी मोबाईलवर पण दिसतं हां मॅडम," ती म्हणाली. "पण जुने अंक मोठ्या स्क्रीनवर बघितलेले बरे. आणि शब्द टाकून शोधू नका, नव्वदचं प्रिंट एवढं पुसट आहे की त्याला काय कळतच नाय. तारीख टाका आणि पानं उलटत बसा."

दुपारचा दीड वाजला होता. वर दोनतीन विद्यार्थी पुस्तकांवर डोकं टेकून झोपलेले. पंखा, एसीची घरघर आणि फिनेलचा वास. माझा विचार साधा होता. बाबा गेले त्यानंतरच्या महिनाभरातले अपघात, अनोळखी माणसं, इस्पितळातल्या नोंदी, सगळं वाचायचं. काही सापडलं नाही तर आईला सांगायचं, तू सवाष्ण आहेस.

मी एकेक दिवस पुढे सरकत तीस नोव्हेंबरवर आले. आमची दुसरी जाहिरात. बाबांचा तो गंभीर चेहरा बघून मला हसूच आलं, फोटो काढताना ते नेहमी श्वास रोखून धरायचे. आणि मग नजर खाली गेली.

आमच्या चौकटीला लागूनच पोलिसांचं चार ओळींचं निवेदन होतं. कळव्याला खाडीच्या कडेला चिखलात अनोळखी पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे पंचावन्न. अंगात निळ्या रेघांचा शर्ट. उजव्या मनगटावर 'कला' असे गोंदलेले. सात दिवसांत कोणी न आल्यास अंत्यसंस्कार करण्यात येतील.

उर्वी, ते बाबांचं मनगट होतं. ते गोंदण मी लहानपणी थुंकी लावून पुसायचा प्रयत्न करायचे. तो पेपर तेव्हा माझ्या मांडीवर होता. मी फोटोच्या कडेने काळजीपूर्वक कात्री फिरवली होती, आणि बाबा खालच्या चार ओळींत पडून होते. तो तुकडा मीच रद्दीत टाकला. सात दिवस कोणीतरी आमची वाट पाहिली असेल. आम्ही मात्र जाहिरात देऊन घरी वाट पाहत बसलो.

मी त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सोनलने पाण्याचा पेला आणून ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं ते कळत नाही, कोणाला तरी सांगायला हवं होतं. ती बिचारी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि उगीच माझं मन दुसरीकडे वळवायला पुढच्या वर्षांचे अंक उघडत राहिली. एकोणीस नोव्हेंबर, पुन्हा एकोणीस नोव्हेंबर. दर वेळी बाबांचा तोच फोटो.

मग तिचा हात थांबला.

"मॅडम... तुमच्या जाहिरातीला उत्तर यायचं का?"

"कसलं उत्तर?"

"खाली बघा ना."

चौऱ्याण्णव सालची जाहिरात. तिच्या खाली, दोन ओळी : 'कलावतीस. निरोप पोचला. निघतो. गुणाजी.'

गुणाजी हे माझ्या बाबांचं नाव.

मी म्हटलं, कोणीतरी चेष्टा केली असेल. सोनलने पुढचं वर्ष उघडलं. पुन्हा दोन ओळी. 'अंधार आहे. वाट सापडत नाही. छापत राहा म्हणजे कळेल.' वर्ष बदललं की ओळी बदलत होत्या. दर वर्षी मी वरची चौकट कापून नेली होती आणि खालच्या ओळी रद्दीत घातल्या होत्या. दोन हजार अकराला : 'माजिवड्यापर्यंत आलो. काहीच ओळखू येत नाही.' सोळाला : 'वागळेच्या खोलीत दुसरेच लोक आहेत. तुम्ही कुठे?'

आम्ही ती खोली सोडून डोंबिवलीला आलो होतो, उर्वी. आणि वीस सालापासून आईच्या हट्टापायी मीच जाहिरातीत नवा पत्ता छापायला लागले. इमारतीचं नाव, मजला, दार क्रमांक.

सोनल माझ्याकडे बघत नव्हती. तिने नाकाला ओढणी लावली होती. फिनेलचा वास केव्हाच गेला होता. ओहोटीला खाडीवरून येतो तसा चिखलाचा वास होता, आणि वरच्या खिडक्या तर सगळ्या बंद होत्या.

"आजचा अंक उघड," मी म्हटलं.

"नको मॅडम..."

मीच उघडला. त्या दिवशी एकोणीस नोव्हेंबरच होती; सकाळी मी घाईत होते, आजची जाहिरात अजून कापलेली नव्हती. बाबांचा फोटो. पत्ता. आणि खाली : 'पत्ता मिळाला. आज दुपारी पोचतो. चहा टाक.'

मी घरी फोन लावला. आईच्या उशाशी बटणांचा मोबाईल असायचा. बराच वेळ वाजला. रतनबाई दोनला घरी जाते आणि पाचला परत येते, ते माझ्या लक्षात होतं. मग आईने उचलला. इतका मोकळा आवाज मी तिचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"अगं नीले, हे आलेत."

"आई, दार कोणी उघडलं?"

"मीच. कोण उघडणार?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "फार भिजलेत गं. थकलेत. पण मी काही विचारलं नाही हो... आपण तसं छापलं होतं ना."

मागे कोणीतरी बशीतून चहा फुरकला. बाबा तसाच प्यायचे. फोन बंद झाला.

मी रिक्षा केली. माजिवडा, मग माणकोली, मग मोठागावचा नवा पूल. पुलावर आल्यावर खाली खाडी होती, भर उन्हात चकाकत होती. मी तिकडे पाठ करून बसले आणि सतत फोन लावत राहिले. कोणी उचलला नाही.

घराचं दार आतून उघडलेलं होतं, कडी खाली पडलेली. ओट्यावर पातेलं, चहाचा चोथा अजून कोमट. आईच्या पलंगाशी दोन कप. एक तसाच, वर साय धरलेली. दुसरा रिकामा आणि त्याची बशी ओली. आई पलंगावर नव्हती. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, ट्रंकेच्या तळातली हिरवी साडी नेसून, कपाळभर कुंकू लावून. तिच्या अंगात ऊब नव्हती. तोंडावर मात्र समाधान होतं, एवढं मी खरं सांगते. तिच्या पावलांकडे बघत उभी राहिले. वर्षभर जमिनीला न टेकलेली पावलं घोट्यापर्यंत चिखलाने माखली होती.

ती मी पुसली. तुम्ही सगळे यायच्या आत पुसली.

बायकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, सवाष्ण आहे, ओटी भरा. त्यांनी ओटी भरली. खाडीकाठचा माणूस मी कोणालाच सांगितला नाही. मी खोटं बोलले की खरं, ते अजून मला ठरवता येत नाही.

परवा तेरावं झालं. आज सकाळी मी वाचनालयाचं पान मोबाईलवर उघडलं ते केवळ आईची निधनवार्ता नीट छापली का ते बघायला. नीट छापली आहे. नाव, वय, सगळं बरोबर. तिच्या खाली आणखी एक चौकट आहे. तूच बघ, मी पुन्हा वाचत नाही. फोटो माझा आहे, आणि तसा फोटो मी कधी काढून घेतलेला नाही.

'नीला, असशील तेथून निघून ये. आईचे पाय आता चांगले चालतात. कोणी काही विचारणार नाही.'

म्हणून तुला बोलावलं गं. सोबत दे असं नाही म्हणत, तुला तुझं घर आहे. एकच सांगते, ते लक्षात ठेव. एखाद्या दिवशी हे दार उघडं दिसलं आणि मी आत नसले, तर पोलिसांत जा, कळव्याच्या खाडीपर्यंत माणसं पाठव, हवं ते कर. पण पेपरात मला बोलावू नकोस.