तुम्ही जाऊ शकता

मुलाखतीला येणाऱ्याला मी एकच सांगतो : दहा मिनिटं आधी या, आणि 'तुम्ही जाऊ शकता' असं म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मुलाखत घेणाऱ्यालाही एकच सांगतो : समोरचा अडला तर त्याला पाणी द्या, वेळ द्या. चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात बावीस वर्षं माणसं निवडतोय, ही अक्कल काही फुकट आलेली नाही.

चिमणी माझी पुतणी. दादा-वहिनी गेल्यावर आमच्याच घरात वाढली. आमच्या तपासणी विभागात जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला, आणि मी महिनाभर जेवणाच्या टेबलावर तिची तयारी करून घेतली. आत 'काका' नाही, 'सर' म्हणायचं. उठायची घाई करायची नाही. ती हसून म्हणायची, "काका, तू म्हणायला विसरलास तर मी काय तिथंच बसून राहू?"

मुलाखतीत मी विचारलं, तुमच्यातला एक दोष सांगा. घरी दहादा घोटलेलं उत्तर, पण पोर अडली. माझ्याकडे बघत राहिली. बाकीचे दोघे साहेबही माझ्याकडेच बघत होते. पुतणीला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे सरकवला नाही. सगळ्यांत कमी गुण दिले आणि फोनचं निमित्त काढून सटकलो. ते दोघेही जेवायला गेले. ती तासभर तिथंच बसून होती, हे शिपायानं मला नंतर सांगितलं.

दोन महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं राहूनच गेलं. लाज वाटते मला.

गेल्या महिन्यात त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखती होत्या. खोली तीच, खुर्ची तीच. घेणारा मी एकटा. पहिला उमेदवार खुर्चीपाशी थबकला. बसा म्हटलं तर म्हणाला, उभाच बरा आहे. असतात एकेक नमुने. दुसऱ्या बाई चांगल्या अनुभवी, पण त्यांनीही कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि सगळा वेळ अंग चोरून बसल्या.

तिसरी मुलगी दारातूनच मागे सरली.

"यांचं होऊ द्या सर, मी थांबते."

"कुणाचं?"

"या बसल्यात ना, यांचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना पाणी तरी द्या."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

खुर्चीची गादी दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तशी.

मी ग्लास पुढे सरकवला. "पी, चिमणे. सावकाश सांग. मी कुठं जात नाही."



मग अगदी हळू आवाज आला, "हो, सर."

पुढे काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. तीनच शब्द. पोर सुटली असती.

माझी जीभ रेटली नाही.

जागा मी त्या तिसऱ्या मुलीला दिली. मुलाखती आता शेजारच्या खोलीत होतात, जुन्या खोलीची किल्ली माझ्या खिशात असते. सकाळी आल्या आल्या तिथं ग्लास भरून ठेवतो. संध्याकाळी अर्धा झालेला ग्लास उचलतो, धुऊन पालथा घालतो आणि घरी जातो.